तेरा वर्षांनंतरचं पदार्पण

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज एकाच अल्बमबद्दल बोलायचं आहे. दहा गाणी. नाव ‘मिडवेस्ट फार्मर्स डॉटर’, म्हणजे मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या शेतकऱ्याची मुलगी. गायिका आणि गीतकार मार्गो प्राइस. हा अल्बम २५ मार्च २०१६ ला बाहेर आला. तेव्हा मार्गोचा तेहतिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

या अल्बमची ओळख करून देताना चार शब्द पुन्हापुन्हा वापरले गेले. पदार्पण, सोलो, इंडी आणि अमेरिकाना. संगीताबद्दल थोडंफार वाचणाऱ्या प्रत्येकाला हे शब्द माहीत असतात. पण त्या प्रत्येक शब्दाच्या मागे काही व्यवहार असतो, पैसा असतो, कोणाचा तरी हक्क असतो. ते आपण एकेक करून बघू. आणि जाता जाता एका साध्या प्रश्नाचं उत्तर शोधू. या अल्बममधलं पहिलंच गाणं सुमारे सहा मिनिटांचं आहे. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं सहा मिनिटांचं ठेवायला खर्च किती येतो?

पदार्पण कोणाचं?

मार्गो प्राइस मूळची इलिनॉय राज्यातल्या अलीडो या छोट्या गावची. २००३ मध्ये, विशीत, तिने कॉलेज अर्धवट सोडलं आणि नॅशव्हिल गाठलं. नॅशव्हिल म्हणजे टेनेसी राज्याची राजधानी आणि कंट्री संगीताचीही राजधानी. सिनेमात काम करायचं म्हणून माणूस जसा मुंबईला येतो, तसा गाणी लिहायची म्हणून अमेरिकन माणूस नॅशव्हिलला जातो. आणि मुंबईत जे होतं तेच तिथेही होतं. बहुतेकांची वर्षं पडेल ते काम करण्यात आणि रात्री बारमध्ये गाण्यात जातात.

मार्गोची अशी तेरा वर्षं गेली. त्या काळात तिचं जेरेमी आयव्ही या संगीतकाराशी लग्न झालं. दोघांनी मिळून ‘बफेलो क्लोव्हर’ नावाचा बँड काढला, त्याचे अल्बम केले, गावोगाव कार्यक्रम केले. मग ‘मार्गो अँड द प्राइसटॅग्ज’ हा दुसरा बँड झाला. म्हणजे २०१६ मध्ये ती ‘आली’, तेव्हा तिच्या पाठीशी शेकडो रात्रींचा रियाज होता.

गंमत बघा. या अल्बमनंतर, २०१९ च्या ग्रॅमी पुरस्कारांत तिला नामांकन मिळालं ते ‘सर्वोत्तम नवोदित कलाकार’ या गटात. नॅशव्हिलला येऊन सोळा वर्षं झालेली बाई नवोदित! यात ग्रॅमीवाल्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. ‘पदार्पण’ हा शब्द बाजाराच्या बाजूने लिहिलेला असतो, एवढंच. कलाकार कधी सुरू झाला हे तो सांगत नाही. बाजाराला तो कधी दिसला, हे सांगतो.

सहा मिनिटांत काय आहे?

आता त्या पहिल्या गाण्याकडे येऊ. ‘हँड्स ऑफ टाइम’ त्याचं नाव. घड्याळाचे काटे म्हणा, काळाचे हात म्हणा, इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात. त्या गाण्यात मार्गो स्वतःचं आयुष्य सांगते, क्रमाने. वडिलांची शेती जाते. वडिलांना तुरुंगात नोकरी धरावी लागते. मुलगी मोठी होते, शहरात जाते, चुकीच्या माणसांच्या नादी लागते, लग्न करते. तिला मुलं होतात आणि त्यातलं एक जातं. मग दारू. हे सगळं खरं आहे. पुढे २०२२ मध्ये आलेल्या ‘मेबी वुइल मेक इट’ या आत्मकथनात तिने ते सविस्तर लिहिलंही आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात काढलेल्या शनिवार-रविवारवर तर याच अल्बममध्ये वेगळं गाणं आहे, ‘वीकेंडर’ नावाचं.

यातल्या शेतीच्या भागावर जरा थांबू या, कारण त्याशिवाय अल्बमचं नाव कळत नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत धान्याला भाव होता. सोव्हिएत संघाला मोठी निर्यात चालली होती. सरकारचा सल्ला होता, शेती वाढवा. बँका कर्ज घेऊन मागे उभ्या होत्या. शेतकऱ्यांनी चढ्या भावाने जमिनी घेतल्या, यंत्रं घेतली. मग महागाई आटोक्यात आणायला केंद्रीय बँकेने व्याजदर चढवले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा मूळ कर्जदर २१.५ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत, अफगाणिस्तानातल्या घुसखोरीच्या निषेधार्थ, अमेरिकेने सोव्हिएत संघाची धान्यविक्री रोखली होती. धान्याचा भाव पडला, कर्जाचा हप्ता वाढला, आणि ज्या जमिनीच्या तारणावर कर्ज दिलेलं, त्या जमिनीचाच भाव कोसळला. इलिनॉयच्या शेजारी आयोवा आहे. तिथे १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत जमिनीचा भाव साठ टक्क्यांहून जास्त घसरला. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला यापुढचं समजावून सांगायची गरज नाही.

मार्गोच्या घरची शेती गेली ती १९८५ च्या सुमारास. ती दोन वर्षांची होती. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला, तिच्याच राज्यात, शॅम्पेन शहरात पहिली ‘फार्म एड’ मैफल झाली. विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी ती उभी केली होती. २०२१ मध्ये मार्गो प्राइस त्याच फार्म एडच्या संचालक मंडळावर गेली. अल्बमच्या नावातली ‘शेतकऱ्याची मुलगी’ म्हणजे शेत नसलेल्या शेतकऱ्याची मुलगी आहे, हे लक्षात ठेवा.

अंगठी आणि गाडी

आता खर्चाकडे येऊ.

गाणी तयार होती, कंपनी नव्हती. स्टुडिओसाठी पैसे उभे करायचे म्हणून जेरेमीने गाडी विकली आणि मार्गोने लग्नाची अंगठी गहाण टाकली. आपल्याकडे मंगळसूत्र गहाण टाकणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. शेवटचा दागिना म्हणजे शेवटचा पर्याय. आता गाडीचं बघा. अमेरिकेत, नॅशव्हिलसारख्या शहरात, गाडी नसणं म्हणजे कामावर जायची पंचाईत, आणि गावोगाव फिरणाऱ्या गायकाला तर गाडी म्हणजे अर्धं दुकान. तेव्हा या जोडप्याने नुसती हौस भागवली नाही. त्यांनी धंद्याचं अवजार विकून धंदा केला.

त्या पैशातून तीन दिवस मिळाले. मेंफिसमधल्या सन स्टुडिओत.

सन स्टुडिओ ही दंतकथा झालेली जागा. सॅम फिलिप्सने १९५० मध्ये ‘मेंफिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ या नावाने ती सुरू केली. सेवा अशी की पैसे भरा आणि तुमचा आवाज तबकडीवर घेऊन जा. १९५३ च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा एक मुलगा तिथे गेला, सुमारे चार डॉलर भरले आणि दोन गाणी रेकॉर्ड करून घेतली. त्याचं नाव एल्विस प्रेस्ली. म्हणजे या खोलीत खिशातले पैसे भरून गाण्याची परंपरा पहिल्यापासून आहे. आज दिवसभर तिथे पर्यटकांच्या सहली चालतात आणि त्या संपल्या की संध्याकाळनंतर रेकॉर्डिंग.

खोली एकच आहे, लहान आहे. आधुनिक स्टुडिओत ढोल वेगळ्या खोलीत, गायक वेगळ्या काचेमागे, प्रत्येकाचा ट्रॅक स्वतंत्र. बेसवाला चुकला तर फक्त त्याचा तुकडा बदलता येतो. इथे सगळे एकाच खोलीत वाजवतात, त्यामुळे गायकाच्या माइकात ड्रम शिरतो, ड्रमच्या माइकात गिटार शिरते. एकाची चूक पुसायला गेलात तर सगळ्यांचं पुसावं लागतं. म्हणून बँडला सगळं बसवूनच यावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या सिनेमांची गाणी अशीच व्हायची ना? अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकत्र, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

अल्बमचा जो आवाज समीक्षकांना ‘जिवंत’, ‘साठ-सत्तरच्या दशकातला’ वाटला, त्याचं निम्मं कारण हे आहे. ती निवड होती हे खरंच. पण त्या निवडीत काटकसरही होती. तीन दिवसांत काम संपवायचं तर हीच रीत परवडते. इथे बारमधल्या तेरा वर्षांचा उपयोग झाला.

एका वाद्याबद्दल सांगतो, म्हणजे ऐकताना ओळखता येईल. पेडल स्टील गिटार. आडवी ठेवलेली गिटार, तारांवरून पोलादी दांडी सरकवायची आणि पायांनी, गुडघ्यांनी सूर खालीवर ओढायचे. कंट्री संगीतातला तो रडवेला, लांबणारा सूर याचाच. तिचं मूळ हवाई बेटांत आहे, आणि हवाईहून ती जशी अमेरिकेत गेली तशी आपल्याकडेही आली. व्हॅन शिपली किंवा सुनील गांगुली यांनी गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेमांच्या धुना ज्यांनी रेडिओवर ऐकल्यात, त्यांच्या कानाला हा सूर परका वाटणार नाही.

इंडी म्हणजे काय?

टेप तयार झाली. मार्गो ती घेऊन नॅशव्हिलमधल्या कंपन्यांकडे फिरली आणि एकामागून एक नकार आले.

इथे ‘इंडी’ हा शब्द समजून घेऊ. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. कशापासून स्वतंत्र? नेहमीची पद्धत बघा. मोठी कंपनी गायकाशी करार करते आणि अ‍ॅडव्हान्स देते. अ‍ॅडव्हान्स म्हणजे आपल्या भाषेत उचल. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडतो, तसंच. रेकॉर्डिंगचा खर्च, प्रसिद्धीचा बराचसा खर्च, या सगळ्याचा हिशेब गायकाच्या खात्यावर चढतो. विक्रीतून ती रक्कम फिटेपर्यंत गायकाच्या हातात रॉयल्टी पडत नाही. आणि पूर्ण फिटली तरी मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, बहुधा कंपनीच्याच मालकीचं राहतं. घर घेताना निदान हप्ते संपले की घर आपलं होतं. इथे तेही नाही.

पण माझ्या मते पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. कंपनीने उचल दिली की कंपनीचा माणूस स्टुडिओत येतो. ‘हे गाणं फार लांब आहे. बाळाच्या मृत्यूचं कडवं काढलं तर? पहिलं गाणं जरा नाचरं ठेवू या.’ तो वाईट माणूस नसतो. त्याला रेडिओवर गाणं वाजवून घ्यायचं असतं आणि त्याच्या हिशेबाने तो बरोबर असतो.

मार्गो तयार टेप घेऊन गेली. तयार टेपला उत्तरं दोनच असतात, हो किंवा नाही. ‘हो, पण’ म्हणायची जागा फार कमी उरते. अंगठी आणि गाडी देऊन तिने काय विकत घेतलं असेल, तर हा ‘पण’ काढून टाकला. अर्थात त्याची किंमत म्हणून बरेच ‘नाही’ ऐकावे लागले.

शेवटी ‘हो’ आला तो जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन रेकॉर्ड्सकडून. हा जॅक व्हाइट ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या रॉक बँडचा. त्याने ही कंपनी २००१ मध्ये डेट्रॉइटमध्ये काढली आणि २००९ मध्ये नॅशव्हिलला जागा घेतली. तिथे दुकान, स्टुडिओ आणि छोटं सभागृह एकाच छताखाली. या कंपनीचा जीव विनाइल तबकड्यांमध्ये आहे. वर्गणीदारांना ठरावीक काळाने खास तबकड्या घरपोच मिळतात. म्हणजे तिचा गिऱ्हाईक अख्खा अल्बम घेऊन घरी बसून ऐकणारा आहे. त्याला सहा मिनिटांच्या गाण्याची अडचण नसते, उलट तेवढ्यासाठीच तो पैसे मोजतो. थर्ड मॅनने ‘हो’ म्हणण्यात आवड होतीच, पण धंद्याचं गणितही जुळत होतं, हे विसरू नका.

थर्ड मॅनच्या यादीतला हा पहिला कंट्री अल्बम नव्हे म्हणून कोणी हरकत घेईल, तर तो मुद्दा सोडून देऊ. नॅशव्हिलच्या मुख्य रस्त्यावर जे दार उघडलं नाही, ते एका रॉक गायकाने बाजूच्या गल्लीतून उघडलं, एवढं पुरे.

अमेरिकाना: उरलेल्यांची पंगत

आता शेवटचा शब्द. अमेरिकाना.

हा काही प्राचीन संगीतप्रकार नाही. जानेवारी १९९५ मध्ये ‘गॅव्हिन’ या रेडिओ व्यवसायाच्या नियतकालिकाने ‘अमेरिकाना’ नावाची यादी छापायला सुरुवात केली. कंट्री, लोकसंगीत, ब्लूज, रॉक यांच्या सीमेवर घोटाळणारी आणि कुठल्याच खणात नीट न बसणारी गाणी त्यात असत. १९९९ मध्ये नॅशव्हिललाच अमेरिकाना म्युझिक असोसिएशन स्थापन झाली. सर्वोत्तम अमेरिकाना अल्बमची स्वतंत्र ग्रॅमी पहिल्यांदा २०१० च्या समारंभात दिली गेली.

वेगळी पंगत मांडायची गरज का पडली? कारण मूळ पंगतीत जागा कमी झाली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं बाळगावीत यावरची मर्यादा उठवली. काही वर्षांत एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं जमा झाली. पूर्वी गावच्या स्टेशनवरचा निवेदक स्वतःच्या आवडीने एखादी तबकडी लावायचा. आता यादी दूरवरच्या कचेरीत ठरते आणि ती छोटी असते. त्यात पुन्हा स्त्रियांना जागा आणखी कमी. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने व्यवसायाच्या पत्रकात जाहीर सल्ला दिला होता. त्याच्या मते कंट्री रेडिओ हे सॅलड धरलं तर पुरुष गायक ही त्यातली पालेभाजी आणि स्त्रिया म्हणजे अधूनमधून टाकायचे टोमॅटो. यावर बराच गदारोळ झाला. मार्गोचा अल्बम आला तो त्याच्या पुढच्याच वर्षी.

आणि झालं काय? अल्बम बिलबोर्डच्या कंट्री अल्बमच्या यादीत दहाव्या क्रमांकावर पोहोचला. कंट्री गाण्यांच्या यादीत तिचं एकही गाणं नसताना. बाहेर आल्यापासून दोन आठवड्यांत, ९ एप्रिलला, ती ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या देशभर बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमात गायली. वर्षअखेरीच्या आत अमेरिकाना असोसिएशनचा उदयोन्मुख कलाकाराचा पुरस्कार मिळाला. रेडिओच्या दारातून न जाता घरात पोहोचता येतं, हे दिसलं.

कापलेली कडवी

अल्बमच्या नावात एक नमस्कार दडला आहे, आणि मला शेवटी तिथेच यायचं होतं.

केंटकीतल्या कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी, लोरेटा लिन. १९७० मध्ये तिचं ‘कोल मायनर्स डॉटर’ हे गाणं आलं. स्वतःच्या बालपणाचं, गरिबीचं, आईच्या काबाडकष्टांचं. ते कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘मिडवेस्ट फार्मर्स डॉटर’ हे नाव त्या नावाला जोडून ठेवलेलं आहे. योगायोग असा की याच जॅक व्हाइटने २००४ मध्ये लोरेटा लिनचा ‘व्हॅन लिअर रोझ’ हा अल्बम तयार केला होता आणि त्याला ग्रॅमी मिळाली होती.

पण त्या १९७० च्या गाण्याची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लोरेटाने कडवी जास्त लिहिली होती. तिचा निर्माता ओवेन ब्रॅडली मोठा जाणकार माणूस, पण त्याने काही कडवी कमी करायला लावली. गाणं तीन मिनिटांच्या आसपास बसलं पाहिजे. का तीन? जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं. पुढे तबकड्या बदलल्या, पण रेडिओला तीच सवय लागली, कारण गाणी छोटी असली की जाहिराती जास्त बसतात. म्हणजे एका बाईच्या बालपणातल्या काही गोष्टी तबकडीच्या मापामुळे गाण्याबाहेर राहिल्या.

सेहेचाळीस वर्षांनी दुसरी एक बाई तशाच नावाचा अल्बम घेऊन येते, आणि पहिल्याच गाण्यात शेत, वडील, मूल, दारू, सगळं सांगते, काहीही न कापता.

सुरुवातीला विचारलं होतं, खर्च किती आला? एक अंगठी, एक गाडी, तेरा वर्षं. हा हिशेब कुठल्याही कराराच्या कागदावर दिसणार नाही. ‘इंडी’ आणि ‘पदार्पण’ हे शब्द पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा त्यांच्या मागे असा काही हिशेब आहे का, ते बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, अमेरिकाना म्हणजे शेवटी गोऱ्या अमेरिकन लोकांचंच संगीत ना?*

तसं चित्र दिसतं खरं, पण इतिहास वेगळा आहे. बँजो हे वाद्य घ्या. सगळ्यांना ते गोऱ्या डोंगरी माणसाचं वाटतं. ते आलं गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर, पश्चिम आफ्रिकेतल्या तंतुवाद्यांची आठवण म्हणून. रिआनन गिडन्स ही कृष्णवर्णीय गायिका-बँजोवादक गेली कित्येक वर्षं हेच वाजवून दाखवते आहे. ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ या बँडनंतर २०१५ मध्ये तिचा पहिला सोलो अल्बम आला, ‘टुमॉरो इज माय टर्न’. आजच्या विषयाला जोडून तो जरूर ऐका. १९२० च्या दशकात तबकड्या विकणाऱ्यांनीच काळ्यांच्या तबकड्या एका यादीत आणि गोऱ्या खेडुतांच्या दुसऱ्या यादीत टाकल्या. वाजवणारे मात्र एकमेकांकडूनच शिकत होते. म्हणजे खण पाडण्याचं काम तेव्हाही दुकानानेच केलं.

*प्रश्न: मी स्वतः गाणी लिहिते. हे ऐकून वाटतंय की कर्ज काढून एकदाचा अल्बम करून टाकावा. करावा का?*

ताई, तुमचा प्रश्न या सगळ्या बोलण्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. मी वर जे सांगितलं ते ऐकून कोणी घरातलं सोनं घेऊन निघालं, तर ती माझी चूक ठरेल. आपण मार्गोची गोष्ट ऐकतो, कारण ती यशस्वी झाली. अंगठी गहाण टाकूनही ज्यांची टेप कपाटात राहिली, त्यांच्यावर व्याख्यान होत नाही, आणि तशी माणसं खूप जास्त असणार. तिच्या वडिलांच्या पिढीने कर्ज काढूनच शेती वाढवली होती, तेव्हाही सगळे ‘काढा’च म्हणत होते. 

म्हणून मी उलट्या बाजूने सांगतो. आधी रियाज करा, गाणी लोकांसमोर गा, दहा गाणी तीन दिवसांत न चुकता वाजवता येतील इतकी बसवा. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. कोणी करार पुढे केला, तर त्यात मास्टर कोणाचं राहणार आणि उचल कशातून वळती होणार, हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारा. आणि कोणी म्हणालं की अमुक कडवं काढा, तर लगेच नाही म्हणू नका, लगेच हो पण म्हणू नका. त्यांच्या हिशेबात ते कडवं जड का होतंय ते समजून घ्या, आणि तुमच्या हिशेबात त्याची किंमत काय, ते तुम्ही ठरवा. मार्गोने ठरवलं. लोरेटाला तेव्हा ठरवता आलं नाही. एवढाच फरक आहे, आणि तो बराच मोठा आहे.